खिशातले ध्वनिमुद्रणालय

मे महिन्यात जबलपुरात घरगुती ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न संगीताचा नसतो, कूलरचा असतो. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर गाण्यात उतरते आणि बंद केला तर गाणारा घामाघूम होतो. पहाटे पाचच्या सुमारास खिडक्या लावून, पंखाही थांबवून, अर्धा-पाऊण तास मिळतो तेवढाच. या अर्ध्या-पाऊण तासात हाती जे साधन असेल त्यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि आज ते साधन बहुतेक घरांत एकच असते : मोबाइल फोन. त्यावरील संगीताची ॲपे शेकड्यांनी उपलब्ध आहेत. त्यांतून आपल्या कामाचे नेमके कोणते, हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

जबलपूरचे उदाहरण घेण्यास कारण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशावर प्रथम सागरच्या मराठ्यांची आणि नंतर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. ती १८१७ पर्यंत टिकली. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे राहिली. शाळा, कचेऱ्या, रेल्वे आणि न्यायालये यांच्या निमित्ताने येथे मराठी कुटुंबे येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उच्च न्यायालयाचे मुख्य आसनही जबलपुरास आले. या कुटुंबांतून शास्त्रीय गायनाची आवड होतीच. त्याबरोबर भोंडल्याची गाणी, मंगळागौरीची गाणी, आरत्या, ओव्या हा सारा ठेवा नर्मदेच्या काठी येऊन स्थिरावला. त्यात बुंदेली शब्द शिरले, चाली थोड्या वळल्या. नर्मदास्नानाला जाणाऱ्या बायकांची बंबुलिया ऐकत ज्या मराठी मुली वाढल्या, त्यांच्या ओवीत तो लांबवलेला सूर कोठेतरी आलाच. असे गाणे पुण्यात सापडणार नाही आणि सागरच्या खेड्यातही नाही. ते ज्यांना येते त्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.

अशाच एका गाण्याच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण या विषयातील पुष्कळसे तत्त्व तिच्यात आहे. माझी मावशी जबलपुरात असते. तरुणपणी ती गाणे शिकली आणि घरातील जुन्या चाली तिला मुखोद्गत आहेत. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो असता तानपुरा लावून तिला गावयास बसविले. "आधी पंखा बंद कर, मग गाते," एवढेच ती म्हणाली. फोनमध्ये आयते असलेले आवाज टिपण्याचे ॲप मी सुरू केले. चाळीस मिनिटे ती गायली. घरी परतल्यावर ऐकले तो तानपुरा जवळजवळ नाहीसा झालेला. गाणे सुरू होई तेव्हा तानपुरा क्षणभर उमटे आणि मग कोणी उशी दाबून धरावी तसा विरून जाई. मावशीने एखादा स्वर हळू सोडला की तो मध्येच तुटे. मोठ्याने लावलेला षड्ज आणि पुटपुटलेला शब्द दोन्ही सारख्याच जोराने ऐकू येत. पुढच्या भेटीपर्यंत तिला दम लागू लागला होता.

हे का घडले? फोन हा मुळात बोलण्यासाठी केलेला आहे. रस्त्यावरच्या गोंगाटात बोलणाऱ्याचे शब्द पलीकडच्याला कळावेत, ही त्याची पहिली चिंता. म्हणून त्याच्या ध्वनियंत्रणेत दोन व्यवस्था असतात. एक, जो आवाज अखंड व एकसारखा चालू असेल तो गोंगाट समजून वजा करणे. पंखा, मोटार, कूलर यांचे आवाज असेच असतात. दुर्दैवाने तानपुऱ्याचाही तसाच असतो. यंत्राच्या दृष्टीने कूलर आणि तानपुरा यांत फारसा भेद नाही. दुसरी व्यवस्था, आवाज लहान झाला की आपोआप वाढविणे आणि मोठा झाला की उतरविणे. संभाषणात हे उपकारक ठरते. पण ज्या संगीतात स्वराचा लहानमोठेपणा हाच आशय असतो, तेथे ती व्यवस्था गाण्याला इस्त्री केल्यासारखी सपाट करून टाकते.

तेव्हा ध्वनिमुद्रणाचे ॲप निवडताना त्याचे रूप, रंग, त्यावरील चमकदार बटणे यांकडे लक्ष देण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एवढेच पाहावे : ही दोन्ही कामे बंद करता येतात का? गोंगाट कमी करणारी सोय आणि आपोआप आवाज सारखा करणारी सोय, दोन्हींपुढे बंद करण्याची कळ असली पाहिजे. अँड्रॉइड प्रणालीत २०१६ पासून, म्हणजे तिच्या सातव्या आवृत्तीपासून, माइकचा आवाज कोणतीही प्रक्रिया न करता घेण्याची वाट ॲप बनविणाऱ्यांना खुली करून दिलेली आहे. फोनच्या यंत्रसामग्रीने साथ दिली पाहिजे हे खरे, परंतु चांगल्या ॲपात या मार्गाचा उल्लेख 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' अशा नावाने केलेला आढळतो. तशी सोय नसेल तर ते ॲप सभेचा वृत्तान्त टिपण्यास ठेवावे. परीक्षा सोपी आहे. तानपुरा, खरा किंवा दुसऱ्या फोनवरचा, दोन मिनिटे नुसताच वाजवत ठेवून ध्वनिमुद्रण करावे. दुसऱ्या मिनिटाचा आवाज पहिल्या दहा सेकंदांइतकाच भरीव असेल तर ॲप कामाचे.

दुसरी गोष्ट फाइलच्या प्रकाराची. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा माप घेऊन ती सारी मापे जशीच्या तशी लिहून ठेवली म्हणजे 'वेव्ह' नावाची फाइल तयार होते. 'एमपी३' व तत्सम प्रकारांत, कानाला सहसा जाणवणार नाहीत असे मानलेले अंश गाळून फाइल लहान केली जाते. गाळलेले परत मिळत नाही. जागेचा हिशेब असा की, एका माइकचे वेव्ह ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८,००० मापे व प्रत्येक माप १६ बिटांचे या दराने तासाला सुमारे ३४५ मेगाबाइट जागा घेते. नेहमीच्या १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये तोच तास सुमारे ५८ मेगाबाइटमध्ये बसतो. जुन्या काळी ही काटकसर शहाणपणाची होती. आज साध्या फोनमध्येही असे दहावीस तास सहज मावतात, तेव्हा मूळ प्रत वेव्हमध्येच घ्यावी आणि नातेवाइकांना पाठविण्यासाठी हवी तर तिची लहान प्रत काढावी. ॲपलच्या फोनवरील 'व्हॉइस मेमोज' हे अंगभूत ॲप मुळात लहान केलेली फाइल करते. मात्र फोनच्या सेटिंगमध्ये 'लॉसलेस' हा पर्याय आहे, तो निवडावा. व्हॉट्सॲपवर माइकचे बटण दाबून पाठविलेला आवाज फार आवळलेला असतो. तेच ध्वनिमुद्रण 'डॉक्युमेंट' म्हणून जोडून पाठविल्यास ते मूळ रूपात पोचते. पुष्कळ मौल्यवान गाणी आज केवळ कुटुंबाच्या गटातील अशा आवळलेल्या संदेशांच्या रूपाने उरली आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.

येथवर आपण गाणे आहे तसे टिपण्याचा विचार केला. पण संगीताची सारी ॲपे एकाच कामाची नाहीत. रियाजाला साथ देणारी ॲपे हा एक वर्ग. आहे ते गाणे प्रामाणिकपणे टिपणारी हा दुसरा. आणि एकावर एक थर चढवून नवी रचना तयार करण्याची हा तिसरा. दुकानात शिरताना आपल्याला काय हवे हे ठाऊक नसलेला ग्राहक जसा सर्वांत मोठी पिशवी घेऊन बाहेर पडतो, तसे येथे पुष्कळदा होते. ज्याला केवळ तानपुरा हवा तो चाळीस वाद्यांचे ॲप घेतो आणि त्याच्या जंगलात हरवतो.

रियाजाच्या साधनांचा इतिहास मोबाइलच्या पूर्वीचा आहे. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेवर चालणारा तंबोरा तयार केला आणि त्यांच्या 'राडेल' कंपनीच्या त्या पेट्या देशभर पसरल्या. आज त्या पेटीचे काम ॲप करते. 'आयतबला प्रो' हे ॲप तानपुरे, तबला आणि स्वरमंडळ एकत्र देते आणि गायकवर्गात ते चांगलेच रूढ आहे. पुण्याचे गायक व संगणकतज्ज्ञ संदीप रानडे, जे पंडित जसराज यांचे शिष्य, त्यांनी केलेल्या 'नादसाधना' या ॲपला २०२१ मध्ये ॲपल कंपनीचा रचनाविषयक पुरस्कार मिळाला. गाणारा कोठे बेसूर होतो हे ते गाता-गाता दाखविते आणि साथीची वाद्ये गायनाला अनुसरून वाजविते. एका मराठी कलावंताने आपल्या रियाजाच्या गरजेतून केलेले साधन जगाच्या नजरेत भरावे, ही समाधानाची बाब आहे. मात्र ही दोन्ही ॲपे मुळात ॲपलच्या उपकरणांसाठी निघाली, आणि भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत. अँड्रॉइडवर तानपुऱ्याची पुष्कळ विनामूल्य ॲपे मिळतात. त्यांचा दर्जा कमी-अधिक आहे, आणि तो पारखण्याची कसोटी आपल्यापाशी असली पाहिजे.

ती कसोटी अशी. तानपुऱ्याच्या ॲपात स्वर काळी एक, पांढरी चार असा निवडता येतोच. त्याशिवाय तो बारीक सरकविता आला पाहिजे, कारण घरातली जुनी पेटी बहुधा थोडी उतरलेली असते आणि तिच्याशी तानपुरा जुळवावा लागतो. पहिल्या तारेला पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद ठेवता आला पाहिजे. मालकंस पंचमाच्या तानपुऱ्यावर कोण गाईल? चार तारांच्या छेडण्याचा वेग बदलता आला पाहिजे. आणि शेवटची परीक्षा कानाची. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. आपल्या संगीतकारांनी त्याला स्वयंभू गंधार असे सार्थ नाव दिले आहे. ॲपचा तानपुरा इअरफोन लावून ऐकावा. तो गंधार ऐकू आला तर ॲप ठेवावे. नुसतीच गुणगुण ऐकू आली तर काढून टाकावे.

तबल्याच्या ॲपात आणखी एक अडचण येते. पाश्चात्त्य पद्धतीचे ठोके देणारी बहुतेक ॲपे मिनिटाला तीस-चाळीस ठोक्यांच्या खाली उतरत नाहीत. आपल्याकडे विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन सहज मिनिटभर चालते. म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा मात्रा. तेव्हा लय किती खाली जाते हे आधी पाहावे. झपताल, रूपक, दीपचंदी यांचे ठेके आहेत का, हे त्यानंतर.

स्वयंभू गंधाराचा उल्लेख आला, त्यावरून तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे रचना करण्याच्या ॲपांकडे वळणे सोपे जाईल. ॲपलचे 'गॅरेजबँड' २००४ मध्ये संगणकासाठी आले आणि २०११ मध्ये आयपॅड व आयफोनवर उतरले. आज ते विनामूल्य आहे. सिंगापूरचे 'बँडलॅब' अँड्रॉइड व ॲपल दोन्हींवर विनामूल्य मिळते. 'एफएल स्टुडिओ मोबाइल' विकत घ्यावे लागते. यांपैकी कोणत्याही ॲपात आधी तबला, मग पेटी, मग आवाज, मग कोरस असे थर एकावर एक चढविता येतात. १९७९ मध्ये टिॲक कंपनीने कॅसेटवर चार थर घेणारे घरगुती यंत्र बाजारात आणले तेव्हा ती मोठी क्रांती मानली गेली होती; आज त्याच्या चौपट थर खिशात मावतात.

पण या ॲपांतील कळफलक पाश्चात्त्य समान-अंतराच्या सप्तकावर बेतलेला असतो. दोन लगतच्या स्वरांतील अंतराचे शंभर भाग केले, त्या एका भागाला सेंट म्हणतात. समान-अंतराचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर आहे. तानपुऱ्यातून निघणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचा हा फरक पेटीच्या सुरावर वाढलेल्या कानाला चालतो, तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला खुपतो. या फरकावरून आपल्याकडे मोठे वाद झालेले आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम आपल्या केंद्रांतून हद्दपार केली, ती १९७१ पर्यंत. त्यामागील कारणांत हे एक होते. आज कोणी कळफलकावर बंदी घालणार नाही, आणि घालूही नये. परंतु भावगीत, भजन, बालगीत यांसाठी जे ॲप उत्तम, ते ख्यालाच्या साथीला उत्तम असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट आवाज 'सुधारून' देणाऱ्या सोयीची. अँडी हिल्डेब्रँड नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' हे साधन काढले. हे गृहस्थ त्यापूर्वी तेलसंशोधनासाठी भूगर्भातून परतणाऱ्या ध्वनिलहरींचा अभ्यास करीत असत. बेसूर स्वर ओढून जवळच्या सुरात बसविणे हे या साधनाचे काम. त्याच जातीची सोय आज बँडलॅबसारख्या ॲपात एका बटणावर आहे. दरबारी कानड्याचा कोमल गंधार हा स्थिर नसतो, तो आंदोलित असतो. मींड म्हणजे दोन स्वरांमधील प्रवास. यंत्र या प्रवासाला चूक समजते आणि वाटेतल्या प्रत्येक पावलाला जवळच्या खुंटीला बांधून टाकते. ज्याला तो परिणाम मुद्दाम हवा आहे त्याने खुशाल वापरावा. पण आजीच्या ओवीवर ते बटण दाबणे म्हणजे जुन्या भिंतीवरील चित्राला ऑइलपेंट फासणे होय. माझ्या मते, शिकणाऱ्या मुलांच्या फोनमध्ये तर ती सोय बंदच असावी. आपण कोठे चुकलो हे कळण्याचा त्यांचा हक्क ती हिरावून घेते.

थर चढविताना आणखी एक अडचण येते, ती विलंबाची. आधी टिपलेला तबला कानात ऐकत आपण गातो. आवाज माइकातून शिरून, अंक बनून, पुन्हा आवाज होऊन कानापर्यंत येण्यास थोडा वेळ लागतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा वीस मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तबलजी सात मीटर दूर बसल्यासारखे झाले. एवढे निभावते. परंतु बिनतारी, ब्लूटूथ इअरफोन लावले की विलंब दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जाऊ शकतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे गाणारा जवळजवळ एक मात्रा मागे पडला. समेवर येताना नेहमी उशीर होतो म्हणून आपल्या लयीला दोष देणाऱ्या काही विद्यार्थ्यांचा दोष वास्तविक इअरफोनचा असतो. ध्वनिमुद्रण करताना तारेचे इअरफोन वापरावेत. ॲपात विलंब मोजून भरून काढण्याची सोय असेल तर तो मोठा गुण समजावा. ॲपलच्या फोनांत हा विलंब पूर्वीपासून कमी आहे, अँड्रॉइडमध्ये फोनागणिक फरक पडतो. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर उत्तम चाललेले ॲप आपल्या फोनवर तसेच चालेल, असे गृहीत धरू नये.

किमतीविषयी थोडक्यात. विनामूल्य ॲप मध्येच जाहिरात वाजविते. रियाजाच्या ऐन रंगात साबणाची जाहिरात ऐकलेल्यांना याविषयी अधिक सांगणे नको. काही ॲपे एकदाच पैसे घेतात, काही दरमहा. दरमहा पैसे घेणाऱ्या ॲपाबाबत एकच प्रश्न विचारावा : पैसे देणे थांबविले तर माझी ध्वनिमुद्रणे माझ्या हाती राहतील काय? जे ॲप आपले काम केवळ स्वतःच्या विशिष्ट स्वरूपात साठविते आणि साधी वेव्ह फाइल बाहेर काढू देत नाही, ते विनामूल्य असले तरी महाग आहे. ॲपे बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात. आपले गाणे ज्या पेटीत आहे तिची किल्ली आपल्याकडे असावी. त्याचप्रमाणे तानपुरा वाजविणारे ॲप जर आपल्या संपर्कांची यादी किंवा ठिकाण पाहण्याची परवानगी मागू लागले, तर ती नाकारावी. तानपुऱ्याला त्याची आवश्यकता नाही.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी फोन 'विमान' स्थितीत ठेवावा, नाहीतर आलेला फोन चालू काम तोडतो. फोन गादीवर किंवा घडी घातलेल्या कापडावर, गाणाऱ्यापासून दोन-तीन फूट अंतरावर ठेवावा. त्याची खालची कड गाणाऱ्याकडे असावी, कारण मुख्य माइक बहुधा तेथेच असतो. तबला असेल तर दोघे एकाच सतरंजीवर असले तरी फोन त्या सतरंजीवर नसावा. डग्ग्याची थाप जमिनीतून माइकात शिरते. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी तारसप्तकातही लाल रंगाला टेकता कामा नये. लालात गेलेला स्वर फाटतो आणि मग तो कोणत्याही युक्तीने सांधला जात नाही. थोडे हळू टिपलेले नंतर वाढविता येते. खोलीत रजया, गाद्या, कपड्यांनी भरलेले कपाट असले तर उत्तम. उघड्या फरशीची, रिकाम्या भिंतींची खोली गाण्याला विहिरीत ढकलते. कॉलर माइक मिळाल्यास चांगलाच, पण त्याआधी खोली बदलून पाहावी. पैसा लागत नाही.

आणि आता एक गोष्ट, जी कोणतेच ॲप आपण होऊन करीत नाही. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तीनएक मिनिटांच्या त्या तबकडीच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. हे मिरविण्यासाठी नव्हते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे त्यावरून कळे. त्याच्या उलट बाजूला पाहा. व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी जबलपूरच्या पूर्वेकडील मैकल टेकड्यांत राहून गोंड व इतर लोकांची गीते गोळा केली. त्यांचा संग्रह १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. फार मोलाचे काम आहे ते. पण पुस्तकात शब्दांचा अर्थ मावतो, गळा मावत नाही. भातखंड्यांनी उस्तादांकडून मिळविलेल्या शेकडो चीजा स्वरलिपीत उतरविल्या. स्वरलिपीत स्वर आला, आवाज आला नाही. आपल्या हाती आवाज सहज येतो, आणि नेमके त्यामुळेच आपण नाव-गाव लिहिण्याचा आळस करतो. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा ओवी कोणाची आणि कोणत्या गावची याची नोंद ठेवली. म्हणूनच आज एखाद्या गावच्या बाईची ओवी शोधून काढता येते.

फोन मात्र फाइलला केवळ तारीख आणि एक क्रमांक देतो. म्हणून टिपण्यास आरंभ करताच गाणाऱ्याने किंवा टिपणाऱ्याने आपल्या आवाजात सांगावे : नाव, गाव, तारीख, गाणे कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी म्हणतात. नाव बदलण्याची सोय बहुतेक ॲपांत आहे. त्याच दिवशी फाइलला गाणाऱ्याचे, गाण्याचे आणि गावाचे नाव द्यावे. मग एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे.

मावशीकडे मी गेल्या थंडीत पुन्हा गेलो. थंडीत कूलरचा प्रश्न नसतो. या वेळी ॲप बदलले होते आणि तानपुऱ्याची दोन मिनिटांची परीक्षा आदल्या रात्री घेतली होती. पूर्वीची चाळीस मिनिटे आता तिच्याने होत नाहीत. मध्ये थांबत, पाणी पीत, ती अकरा मिनिटे गायली. भोंडल्याची दोन गाणी, आणि एक ओवी, जी तिच्या सासूने ग्वारीघाटाच्या वाटेवर तिला शिकविली होती. ओवीची तिसरी ओळ तिला आठवली नाही. "ती आधीच्या वेळी म्हटली होती मी," ती म्हणाली. जुन्या, सपाट झालेल्या ध्वनिमुद्रणात ती ओळ आहे. तानपुऱ्याविना, तुटक, पण शब्द कळतात. दोन्ही फाइली मी एकाच नावाखाली, आधीची व नंतरची असे लिहून ठेवल्या आहेत.